न मोजलेली वीज

मोठ्या देवळात दर्शनबारीच्या दाराशी कधीकधी एक स्वयंसेवक उभा असतो. हातात टिकटिक काउंटर. माणूस आत गेला की अंगठा दाबायचा, एवढंच काम. एरवी ते निवांत चालतं. पण एकादशीला मागून रेटा आला आणि दहा जण एकदम आत घुसले तर अंगठा किती वेळा दाबला जाणार? दोनदा, फार तर तीनदा. संध्याकाळी आकडा बघणाऱ्याला वाटेल, त्या क्षणी तिघेच आले होते. गर्दी जेव्हा सगळ्यांत जास्त, तेव्हाचाच आकडा सगळ्यांत खोटा.

वादळी ढगांतून निघणाऱ्या गॅमा किरणांची गोष्ट सांगायची तर मला ती ढगापासून सुरू करताच येत नाही, या काउंटरवाल्यापासूनच करावी लागते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या विषयात जे कळलं, त्यातलं निम्मं यंत्रांनी काय मोजलं यातून कळलं. उरलेलं निम्मं कळलं ते यंत्रांचं काय मोजायचं राहून गेलं हे ध्यानात आल्यावर.

आधी प्रकार काय आहे ते बघू. वादळी ढगात, साधारण १० ते १५ किलोमीटर उंचीवर, अधूनमधून गॅमा किरणांचा, म्हणजे एक्स-रेपेक्षाही जास्त ऊर्जेच्या किरणांचा, एक छोटासा स्फोट होतो. छोटासा म्हणजे वेळेच्या हिशेबाने: एका सेकंदाचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या दोन-चार, फार तर दहा भागांत सगळा खेळ आटोपतो. किरण वर, अवकाशाकडे सुटतात. डोळ्यांना काही दिसत नाही. शास्त्रज्ञ याला इंग्रजी आद्याक्षरांवरून टीजीएफ म्हणतात. शब्दशः भाषांतर केलं तर ‘पार्थिव गॅमा चमक’ होईल, पण पार्थिव म्हटलं की आपल्याला एक तर गणपती आठवतो नाही तर अंत्ययात्रा. म्हणून मी नुसतं गॅमा चमक म्हणतो.

पृथ्वीवर आपोआप, माणसाचा हात न लागता घडणाऱ्या गोष्टींत कणांना एवढा वेग देणारं दुसरं काही नाही. छातीचा एक्स-रे काढताना यंत्राच्या नळीत साधारण लाखभर व्होल्टचा दाब असतो आणि तेवढ्याच ऊर्जेचे, म्हणजे लाखभर इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे किरण निघतात. ढगातल्या चमकेत दोन-तीन कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण असतात.

खाली बघायला कुणी पाठवलंच नव्हतं

५ एप्रिल १९९१ रोजी अटलांटिस यानातून कॉम्प्टन नावाची गॅमा किरण वेधशाळा अवकाशात गेली. सतराएक टनांचं धूड. तिच्या आठ कोपऱ्यांवर आठ संवेदक बसवले होते, त्या संचाचं नाव बॅट्सी. तो बनला होता अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये, नासाच्या मार्शल केंद्रात, आणि त्याचे प्रमुख होते जेराल्ड फिशमन. काम ठरलेलं: दूर विश्वात होणारे गॅमा किरणांचे स्फोट टिपायचे. हे स्फोट आकाशात कुठून, कधी येतील याचा नेम नसतो, म्हणून आठही कोपऱ्यांवर डोळे. कुठलाही कोपरा बघत नाही अशी दिशा उरू नये, हा हेतू. त्यामुळे काही कोपरे ओघानेच पृथ्वीकडे तोंड करून होते.

आणि त्या कोपऱ्यांनीच गडबड केली. काही नोंदी अशा आल्या की सगळा लखलखाट खालच्या बाजूच्या संवेदकांत, वरचे जवळजवळ गप्प. शिवाय वेळ भलतीच कमी. विश्वातले स्फोट सेकंद-सेकंद, कधी मिनिटभर चालतात. हे मिलिसेकंदांत संपत होते. यान त्या क्षणी कुठे होतं ते काढून हवामान उपग्रहांची चित्रं शेजारी ठेवली, तर खाली वादळी ढग. १९९४ मध्ये फिशमन आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं.

आता काउंटरवाला आठवा. बॅट्सी काही सतत बारीकसारीक नोंदी ठेवत नसे. ठरावीक कालखंडात नेहमीपेक्षा बरेच जास्त किरण आले, तरच तो ‘जागा’ होऊन सविस्तर नोंद करायचा. त्यातला सगळ्यांत छोटा कालखंड होता ६४ मिलिसेकंदांचा. चमक एका मिलिसेकंदाची, खिडकी चौसष्ट मिलिसेकंदांची! घागरभर पाण्यात चमचाभर साखर टाकून पाणी गोड लागतं का बघावं, तसं. जी चमक फारच मोठी किंवा फारच लांबलेली, तीच त्याला जाणवायची. नऊ वर्षांत मिळून पाऊणशेच्या आसपास चमका सापडल्या आणि जून २००० मध्ये वेधशाळा प्रशांत महासागरात उतरवली गेली. तोवर सगळ्यांचा समज असा की हा प्रकार दुर्मीळ आहे आणि एकेक चमक बऱ्यापैकी लांब असते. दोन्ही समज खिडकीच्या मापाने घडवलेले.

बाजारातून धावणारा इलेक्ट्रॉन

ढगाला हे जमतं तरी कसं? पहिला अंदाज कुणीही उष्णतेचा बांधेल. विजेच्या मार्गातली हवा सुमारे ३० हजार अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. पण तेवढ्या तापमानाला दृश्य प्रकाश आणि थोडे अतिनील किरण निघतात. नुसत्या उष्णतेतून गॅमा किरण हवे असतील तर अब्जावधी अंश लागतील. म्हणजे उष्णता बाद.

याचं उत्तर चमक सापडण्याच्या कितीतरी आधी, १९२५ मध्ये, सी. टी. आर. विल्सन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने सुचवून ठेवलं होतं. मेघकोष्ठ, म्हणजे कणांचे माग दाखवणारं उपकरण, बनवून नोबेल मिळवणारे हेच ते. त्यांचं म्हणणं समजायला बाजाराचं उदाहरण बरं पडतं. संध्याकाळी मंडईतून रमतगमत चाललात की प्रत्येक भाजीवाला हाक मारतो, कुणी पेंडी पुढे करतो, दहा पावलांना दहा वेळा थांबणं होतं. पण तोच माणूस धावत सुटला तर? त्याला हाक मारेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. हवेतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचं असंच आहे. हळू असेल तर वाटेतला प्रत्येक अणू त्याला अडवतो, त्याची ऊर्जा काढून घेतो. एका मर्यादेपलीकडे वेग गेला की प्रत्येक अणूजवळ तो इतका कमी वेळ असतो की अडवणूक वाढण्याऐवजी कमी होत जाते. मोटारीला वेग वाढला की वाऱ्याचा विरोध वाढतो, इथे उलटं.

ढगात वर-खाली विद्युतभारांचे थर असतात. गारा आणि हिमस्फटिक एकमेकांवर आपटत राहतात, भार वाटले जातात, आणि थरांमध्ये प्रचंड विद्युतक्षेत्र तयार होतं. आधीच वेगात असलेला इलेक्ट्रॉन या क्षेत्रात सापडला, तर मागून ढकलणारा जोर समोरच्या अडवणुकीपेक्षा जास्त ठरतो. मग तो सुटतो तो सुटतोच, प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचेपर्यंत. आणि गंमत म्हणजे यासाठी लागणारं क्षेत्र साध्या ठिणगीला लागणाऱ्या क्षेत्राच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास पुरतं. कळीचा शब्द ‘आधीच वेगात असलेला’. असा पहिला इलेक्ट्रॉन पुरवतात वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, जे आपल्या डोक्यावर अहोरात्र बरसत असतात.

सुटलेला इलेक्ट्रॉन वाटेतल्या अणूंमधून आणखी इलेक्ट्रॉन उडवतो, तेही सुटतात. घाटात एक धोंडा सुटून दरड कोसळावी तसं. ही कल्पना १९९२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर गुरेविच आणि सहकाऱ्यांनी नीट गणितात मांडली. पण एका चमकेला एकावर सतरा शून्यं इतके सुटे इलेक्ट्रॉन लागतात, आणि एका दरडीत तेवढे धोंडे भरत नाहीत. अमेरिकेतल्या जोसेफ ड्वायर यांनी २००३ मध्ये त्यावर एक तोड सुचवली. दरडीत निघालेले काही क्ष-किरण उलटे फिरतात. शिवाय पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचीच धनभारित प्रतिकृती, त्यांनाही क्षेत्र उलट्या दिशेला ढकलतं. हे दोघे दरडीच्या माथ्याशी पोचून नव्याने धोंडे सुटे करतात. खाली आलेले दगड उसळून पुन्हा घाटमाथ्यावर गेले आणि त्यांनी नवी दरड पाडली, तर घाट उरेल का! दुसरा पक्ष म्हणतो की विजेची शाखा ढगात पुढे सरकताना तिच्या टोकाशी क्षेत्र इतकं तीव्र होतं की इलेक्ट्रॉनांचा पहिला मोठा लोंढा तिथेच सुटतो. दोन्ही पक्ष अजून मैदानात आहेत. माझा स्वतःचा कल ‘दोन्ही थोडं थोडं’ याकडे आहे, पण माझ्या कलाला कुणी विचारत नाही.

वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना वळतो, त्याला करकचून ब्रेक लागतो आणि गेलेली ऊर्जा किरण होऊन बाहेर पडते. दवाखान्यातल्या एक्स-रे नळीत इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या पत्र्यावर आपटवतात, ते हेच. ढगात टंगस्टनच्या जागी साधी हवा, एवढाच फरक.

क्ष-किरणांनी सांगितलेली उंची

१९९४ मध्ये सगळ्यांना वाटलं होतं की चमक ढगांच्या बरीच वर, ३० किलोमीटरच्याही पलीकडे घडत असावी. कारण वाजवी होतं. १९८९ मध्येच वादळांच्या वर, ५० ते ९० किलोमीटरवर दिसणाऱ्या लाल झगमगाटाचं, ‘स्प्राइट’चं, पहिलं छायाचित्र मिळालं होतं. दोन नव्या गोष्टी, दोन्ही वादळाच्या वर. मग एकीतून दुसरी निघत असणार.

हा समज मोडला सूर्याचा अभ्यास करायला पाठवलेल्या उपग्रहाने. रेसी नावाचा हा उपग्रह फेब्रुवारी २००२ मध्ये गेला. सौर ज्वालांमधले क्ष-किरण आणि गॅमा किरण बघायचे, हे त्याचं काम. पण एक सोय त्यात अशी होती की प्रत्येक किरणाची वेळ आणि ऊर्जा तो साठवून ठेवायचा आणि सगळं खाली पाठवायचा. ६४ मिलिसेकंदांची भानगडच नाही. चमक होती की नव्हती हे नंतर जमिनीवर बसून शोधा. २००५ मध्ये डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी तशी शोधाशोध केली, तर महिन्याला १० ते २० चमका हाती लागल्या. सगळ्या पृथ्वीचा हिशेब त्यांनी दिवसाला पन्नासच्या आसपास मांडला.

उंचीचा सुगावा मिळाला तो ऊर्जेच्या वाटणीतून. किरणांच्या वाटेत जितकी जास्त हवा, तितके कमी ऊर्जेचे किरण, म्हणजे क्ष-किरणांच्या टप्प्यातले, जास्त गाळले जातात. समुद्रसपाटीपासून अवकाशापर्यंतची सगळी हवा मिळून १० मीटर पाण्याच्या भिंतीएवढी भरते. १२ किलोमीटरवरून निघालात तर वर उरते साधारण २ मीटर पाण्याएवढी. १५ किलोमीटरवरून निघालात तर सव्वा मीटरच्या आसपास. ५० किलोमीटरवरून निघालेल्याला तर जवळजवळ काहीच आड येत नाही. रेसीच्या नोंदींत क्ष-किरणांचा भाग असा काही गाळला गेलेला होता की तो १५ ते २१ किलोमीटरच्या उंचीशी जुळला. स्प्राइट बाजूला पडले. ढग पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात आला, आणि पुढच्या अभ्यासांनी उंची आणखी खाली, ढगाच्या पोटातच आणली.

क्ष-किरणांमध्ये आणखी एक खूण लपलेली असते. जास्त ऊर्जेचे किरण साधारण सरळ वर येतात. कमी ऊर्जेचे बरेचसे किरण वाटेत इलेक्ट्रॉनांवर आपटून, ऊर्जा गमावून, वळसे घेत येतात. म्हणून ते किंचित उशिरा पोचतात, मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. वरातीत नवरदेवाची गाडी आधी आणि नाचणारे मागून, तसं. हा उशीर मोजला की किरण किती हवेतून धडपडत आले याचा अंदाज लागतो. क्ष-किरणांच्या टप्प्यात चांगलं बघणारी यंत्रं या विषयात हवीत ती यासाठी. नुसते गॅमा किरण बघून वाटेचा इतिहास वाचता येत नाही.

‘दुर्बीण’ हा शब्द इथे जरा सैल वापरतात, हेही सांगून टाकतो. या ऊर्जेचे किरण भिंगातून वळत नाहीत, आरशावरून परावर्तित होत नाहीत. म्हणून स्फटिक ठेवायचा, किरण त्यात शिरला की उठणारा प्रकाश किंवा विद्युतप्रवाह मोजायचा. दिशा हवी असेल तर स्फटिकांच्या वर भोकं पाडलेला जाड धातूचा पत्रा बसवायचा. उन्हात जाळीच्या खिडकीची सावली फरशीवर कुठे पडली यावरून सूर्य कुठे आहे ते कळतं, तशी सावलीवरून किरणांची दिशा काढायची. भारताच्या २०१५ सालच्या अ‍ॅस्ट्रोसॅट दुर्बिणीवरचं एक उपकरण याच पद्धतीचं आहे. त्यात कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम मिळून बनलेला स्फटिक आहे, आणि त्याच्या नोंदींचं काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत चालत आलंय. अ‍ॅस्ट्रोसॅट बघते ती दूरची विश्वं. तसाच स्फटिक आणि तसाच भोकांचा पत्रा खाली तोंड करून कुठे बसवला, ते पुढे येतंच.

दोन पिशव्या एका काट्यावर

आता माझा आवडता भाग. २३ एप्रिल २००७ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी८ या रॉकेटने एक इटालियन उपग्रह वर नेला. नाव अजिले, वजन ३५२ किलो. इस्रोचं ते पहिलं पूर्ण व्यावसायिक उड्डाण मानतात. उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताला अगदी चिकटून, जेमतेम अडीच अंश कललेली. त्यामुळे भारतातून गेलेला हा पाहुणा महाराष्ट्राच्या माथ्यावरून कधी गेला नाही. काँगो आणि इंडोनेशियाच्या वादळांवरून मात्र रोज अनेकदा. गॅमा चमकांसाठी याहून चांगला रस्ता नाही, कारण विषुववृत्ताजवळ ढग सगळ्यांत उंच वाढतात.

२०११ मध्ये अजिलेच्या चमूने जाहीर केलं की काही चमकांत १० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे किरण आहेत. सगळे चक्रावले. दरडीच्या गणितात एवढी ऊर्जा बसतच नाही. मग गणित चुकलं का? ढगात आणखी काही निराळंच यंत्र आहे का? चर्चा वर्षानुवर्षं चालली.

भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक पिशवी ठेवली आणि आकडा स्थिरावायच्या आत दुसरी पडली, तर काटा काय दाखवेल? एकच, जड पिशवी. स्फटिकाचंही असंच. एक किरण मोजून मोकळा व्हायला त्याला काही क्षण लागतात. तेवढ्यात दुसरा येऊन पडला की दोघांची ऊर्जा एकत्र मोजली जाते, किंवा दुसरा मोजलाच जात नाही. दूरच्या ताऱ्यांचे किरण एकेक करून येतात, तिथे हा प्रश्न क्वचित. पाचशे किलोमीटर खालच्या ढगातून मात्र ते लोंढ्याने येतात. २०१९ मध्ये मार्तिनो मारिसाल्दी आणि सहकाऱ्यांनी यंत्राचं वागणं बारकाईने संगणकावर उभं करून दाखवलं की चमक पुरेशी छोटी आणि प्रखर असेल, तर नेहमीच्या दरडीच्या गणितातूनही त्या यंत्रात तसेच आकडे उमटतात. आठ वर्षांचं गूढ निकालात निघालं. मारिसाल्दी स्वतः २०११ च्या त्याच अजिले चमूतले, हे मला विशेष वाटतं.

याच उपग्रहाची दुसरी गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मुख्य संवेदकाभोवती एक पहारेकरी कवच होतं. भारित कण आत शिरला की कवच ओरडायचं आणि ती नोंद रद्द व्हायची, म्हणजे गॅमा किरण तेवढे उरायचे. उत्तम सोय. फक्त चमकेचा लोंढा आला की त्यातले काही किरण कवचातही आवाज उठवायचे आणि खरी नोंदच फेकली जायची. मार्च २०१५ मध्ये चमकांच्या शोधापुरता हा पहारा उठवला. चमका एका झटक्यात दसपट झाल्या, महिन्याला शंभराच्या घरात. आणि सरासरी लांबीही घटली, कारण आजवर फेकल्या जात होत्या त्या नेमक्या छोट्याच. ढगांत काहीही बदललं नव्हतं.

झांबियाचं वादळ, इजिप्तवरची दुर्बीण

१४ डिसेंबर २००९. नासाची फर्मी दुर्बीण साधारण ५५० किलोमीटर उंचीवरून इजिप्तवरून चालली होती. तिच्या खाली वादळ नव्हतं. तरीही तिच्यावरच्या स्फोट-संवेदकांत एक चमक उमटली आणि २३ मिलिसेकंदांनी तिचाच प्रतिध्वनी यावा तशी दुसरी.

वादळ सापडलं ते ४,५०० किलोमीटर दक्षिणेला, झांबियात. त्या उंचीवरून क्षितिज दिसतं पावणेतीन हजार किलोमीटरपर्यंत, म्हणजे झांबिया पृथ्वीच्या बाकाआड. सरळ रेषेत जाणारा कुठलाच किरण तिथून फर्मीपर्यंत पोचणं शक्य नाही. मग आलं काय? चमकेतले काही गॅमा किरण वरच्या विरळ हवेत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन तयार करतात. भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून चालतात, रुळावरून गाडी जावी तसे. झांबियातून सुटलेला असा झोत रुळावरून उत्तरेला आला आणि वाटेत फर्मीवर आदळला. पुढे गेलेले काही कण जिथे रेषा दाटीवाटीने जवळ येतात तिथून परत फिरले आणि येताना पुन्हा तिच्यावर आदळले. म्हणून दुसरी नोंद.

हे पॉझिट्रॉन होते हे कसं कळलं? पॉझिट्रॉन नेहमीच्या द्रव्याला भिडला की दोघं नाहीसे होतात आणि नेमक्या ५११ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण निघतात. हा आकडा प्रतिद्रव्याची, म्हणजे पॉझिट्रॉनसारख्या उलट्या भाराच्या कणांची, सहीच. फर्मीच्या नोंदीत तो ठळक होता, कारण पॉझिट्रॉन तिच्याच धातूच्या अंगात नष्ट होत होते. काही क्षणांपुरती दुर्बीण स्वतःच किरणांचा उगम बनली होती. जानेवारी २०११ मध्ये मायकेल ब्रिग्ज यांच्या चमूने हे सांगितलं तेव्हा ‘ढग प्रतिद्रव्य फेकतात’ असे मथळे आले. या एका वेळी तरी मथळ्यांना अतिशयोक्ती करायची गरज पडली नाही.

फर्मीनेही पुढे जागं होण्याची अट सोडून प्रत्येक किरण साठवायला सुरुवात केली. जुलै २०१६ पर्यंतच्या तिच्या यादीत ४,१४४ चमका आहेत. फर्मीच्या नोंदींवरून पृथ्वीवर दिवसाला सुमारे १,१०० चमका होत असाव्यात असा अंदाज बांधला गेला. नऊ वर्षांत पाऊणशे ते दिवसाला अकराशे.

शेवटी एप्रिल २०१८ मध्ये मुद्दाम खाली बघायला बनवलेलं पहिलं मोठं उपकरण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेलं. नाव अ‍ॅसिम, पुढाकार डेन्मार्कचा, गॅमा आणि क्ष-किरणांचा भाग नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाचा. मघाशी म्हटलेला कॅडमियम-झिंक-टेल्युरियमचा स्फटिक आणि भोकांचा पत्रा इथे आहे. शेजारी विजेचा प्रकाश मोजणारी उपकरणं आणि कॅमेरे. त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे प्रथमच नीट लागलं. ढगात वीज वरच्या दिशेने चढत असते, तेवढ्यात गॅमा चमक होते, आणि मोठा प्रकाशाचा झोत त्यानंतर लगेच. म्हणजे आपण जिला वीज म्हणतो, तिच्या मुख्य लखलखाटाच्या किंचित आधीच गॅमा किरण निघून गेलेले असतात.

जमिनीवरून

अवकाशातून ढगाचं व्होल्टेज मोजता येत नाही. ते काम उटीत झालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा वैश्विक किरणांचा प्रयोग तिथे आहे. त्यातला म्युऑन, म्हणजे वैश्विक किरणांमुळे हवेत तयार होणारे भारित कण, मोजणारा भाग १ डिसेंबर २०१४ रोजी वादळ डोक्यावर असताना कमी म्युऑन मोजू लागला. ढगाच्या क्षेत्राने म्युऑनांची ऊर्जा बदलली होती. किती बदलली यावरून ढगाच्या दोन टोकांमधला फरक निघाला १.३ अब्ज व्होल्ट. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. विल्सन यांनी शतकभरापूर्वी ढगात अब्जभर व्होल्ट असू शकतील असं म्हटलं होतं, त्याला पहिला पुरावा आपल्या निलगिरीतून मिळाला.

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळी वादळांचे ढग इतके खाली असतात की किरण जमिनीवर पोचतात. ६ फेब्रुवारी २०१७ च्या संध्याकाळी काशिवाझाकीत वीज पडली आणि तेरुआकी एनोतो यांच्या गटाने ठेवलेल्या संवेदकांत आधी गॅमा चमक आली, नंतर मिनिटभर ५११ हजारांचे किरण येत राहिले. गॅमा किरणांनी हवेतल्या नायट्रोजनच्या केंद्रातून न्यूट्रॉन उडवला होता, उरलेलं अस्थिर केंद्र वाऱ्याबरोबर वाहत येऊन पॉझिट्रॉन सोडत होतं. विजेने अणुप्रक्रिया घडवली होती. या प्रयोगाच्या खर्चाचा काही भाग लोकवर्गणीतून उभा राहिला होता.

मग विमानात बसलेल्याने घाबरावं का? ड्वायर यांच्या गटाच्या गणितानुसार ढगाच्या माथ्याजवळ अशा प्रसंगी मिळणारी मात्रा छातीच्या दहाएक एक्स-रेंइतकी, आणि ढगाच्या मधोमध सापडलात तर पूर्ण शरीराच्या सीटी स्कॅनइतकी होऊ शकते. पण वैमानिक वादळी ढगाला वळसा घालतात तो वारा, गारा आणि विजेसाठी, आणि त्या वळशात यापासूनही बचाव होतो. जमिनीवर आपल्याकडच्या वळवाच्या ढगांतले किरण हवेतच विरतात. शेतात असताना धोका आहे तो साध्या, दिसणाऱ्या विजेचा. त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेची सूचना देणारं दामिनी अ‍ॅप फोनमध्ये ठेवावं.

वीस किलोमीटरवरून

उपग्रहांच्या आकड्यांवर सगळे खूश असताना नॉर्वेच्या गटाला एक शंका होती: पाचशे किलोमीटरवरून ज्या दिसत नाहीत, अशा मंद चमका किती? जुलै २०२३ मध्ये नासाचं ईआर-२ विमान फ्लोरिडातल्या टॅम्पाहून उडालं. हे विमान २० किलोमीटर उंचीवरून जातं, म्हणजे वादळी ढगाच्या माथ्यावर अगदी थोडंसं. एकच वैमानिक, अंगात अवकाशवीरासारखा पोशाख. मेक्सिकोचं आखात, मध्य अमेरिका, कॅरिबियन अशी दहा उड्डाणं झाली. गॅमा किरणांचे आकडे उडतानाच जमिनीवरच्या पडद्यावर येत होते. ढगावरून जाताना आकडा चढला की खालून निरोप जायचा: वळ, पुन्हा त्याच ढगावरून जा.

ढग अक्षरशः रटरटत होते. पिठल्याच्या पातेल्यात बुडबुडे यावेत तसा गॅमा किरणांचा मंद उजेड, तासन्‌तास, कधी हजारो चौरस किलोमीटरवर, कधी इथे उसळी कधी तिथे. शंभराच्या आसपास छोट्या चमका सापडल्या, त्यांतल्या बहुतेक उपग्रहांना कधीच दिसल्या नसत्या इतक्या मंद. आणि एक नवाच प्रकार मिळाला: मंद उजेड एकाएकी वाढतो आणि मग सेकंदाच्या काही भागात एकामागून एक ठोके पडत जातात, बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मंद उजेड आणि एकटी प्रखर चमक यांना जोडणारी मधली कडी हीच असावी, असं त्यांचं म्हणणं.

या लुकलुकणाऱ्या प्रकाराबद्दल त्यांनी आणखी एक नोंद केली आहे. त्या वेळी विमानावरचे प्रकाश मोजणारे संवेदक शांत होते, रेडिओ लहरींतही काही उमटत नव्हतं. पडद्यावर गॅमा किरणांचा आकडा ठोक्याठोक्याने उड्या मारत असताना, खाली ढगात कुठे वीजच चमकलेली नव्हती.